विजूच्या सिनेमातलं दार

विजू,

तुझ्या शोकसभेत सात जण बोलले. त्यांतल्या पाच जणांनी सांगितलं, की तुझा सिनेमा बघताना त्यांच्या अंगावर काटा आला. सिनेमा अजून पुरा झालेला नाही आणि तुझ्या, माझ्या आणि आपल्या कॅमेरावाल्या पूर्वाच्या लॅपटॉपखेरीज तो जगात कुठेही नाही, हे ठाऊक असलेली मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होते. उरलेल्या दोघांपैकी एकानं तुला 'मराठी भयपटाची माउली' म्हटलं. तू शेजारी असतीस तर माझ्या कोपराला चिमटा काढला असतास. नव्हतीस, म्हणून मीच काढून घेतला. हॉलबाहेर फ्लेक्स होता. त्यावर तुझा आधार कार्डावरचा फोटो आणि त्याच्या दुप्पट आकाराचे, हात जोडलेले चार स्थानिक नेते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, चौघं गेले आणि तू श्रद्धांजली वाहते आहेस.

मलाही बोलायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. माझ्याकडे श्रद्धांजली नव्हती, अर्धवट राहिलेलं भांडण होतं, आणि ते माइकवरून करता येत नाही. आज तुला जाऊन अठरा दिवस झाले. तेरावं झालं, भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरली, आता भांडायला हरकत नाही. तुला माहीत असलेल्या गोष्टीही मी पुन्हा सांगणार आहे, कारण हे तुझ्याशिवाय इतरही वाचतील. तुला कंटाळा आला तर नेहमीसारखी मध्येच उठून चहा टाकायला जा.

तीस वर्षं तू कल्याणात लग्नाचे व्हिडिओ एडिट केलेस. सहा तासांच्या चित्रणातून दीड तास काढायचा आणि त्या दीड तासात नवऱ्या मुलाच्या आत्याला तीनदा दाखवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोन येतो, एवढं तुझं चित्रपटशास्त्र. मी ठाण्याच्या कॉलेजात मराठी शिकवत होते, तेव्हा माझं शास्त्र जरा जाडजूड होतं. तू मला 'मास्तरीणबाई' म्हणायचीस आणि माझ्याकडून नेलेली पुस्तकं हळदीचे डाग पाडून परत करायचीस. कॅमेरा धरणाऱ्यांना मात्र तुझी एकच ताकीद असायची: एक कॅमेरा कायम दारावर ठेवा. सगळे ज्याची वाट बघत असतात तो माणूस उशिरा येतो, आणि नेमके तेव्हा सगळे कॅमेरे स्टेजकडे वळलेले असतात. तू हे धंद्यातली युक्ती म्हणून सांगायचीस. मीही इतकी वर्षं तसंच ऐकलं. साहित्य शिकवणाऱ्या बाईला एवढं कळू नये, हे माझ्या निवृत्तिवेतनाला शोभत नाही.

दिलीप, तुझा धाकटा भाऊ, वीस वर्षांचा होता. सकाळी गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेला, डबा ठेवला, आणि तिथून कुठे गेला ते आजपर्यंत कळलं नाही. भांडण नाही, चिठ्ठी नाही, परीक्षेचा निकाल नाही. संध्याकाळी गिरणीवाल्यानं निरोप पाठवला, दळण झालंय, घेऊन जा. डबा तुझ्या बाबांनी आणला. तुझ्या आईनं, म्हणजे काकूंनी, त्या पिठाच्या रोज मोजून तीन पोळ्या जास्त केल्या. पीठ संपलं तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या, असं तू मला सांगितलं होतंस. त्यानंतर बेल वाजली की त्या उठतात. दूधवाला, कुरिअर, मत मागायला आलेला उमेदवार, कुणीही असो, काकू उठतात. गुडघे गेले तेव्हा तू दाराशेजारी खुर्ची ठेवलीस. घोडबंदर रोडला माझ्या शेजारच्या टॉवरमध्ये लिफ्टवाला, प्रशस्त फ्लॅट तुला मिळत होता. काकू म्हणाल्या, "तू जा. त्याला हाच पत्ता माहीत आहे." तू गेली नाहीस.

बारा वर्षं झाल्यावर नातेवाइकांनी विषय काढला, आणि तुमच्या घरात पालाशविधी झाला. नाहीशा झालेल्या माणसाची एक तप वाट बघायची, मग पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, आणि त्याला त्या माणसाचं नाव देऊन अग्नी द्यायचा. त्या दिवशी काकू शेजारच्या घरात जाऊन बसल्या आणि दार लावून घेतलं. पुढच्याच वर्षी तुझे बाबा गेले. हे सगळं मला माहीत होतं. सिनेमा यातून निघेल, हे मात्र तीन वर्षांपूर्वी तू माझ्याकडे आलीस तेव्हा कळलं.

सोफ्यावर बसलीसही नाहीस. म्हणालीस, "मास्तरीणबाई, एक सांग. ते पळसाचं केलं आणि नंतर माणूस परत आला, तर?"

मी जुना ग्रंथ काढला. त्यात चक्क सोय होती. परत आलेल्या माणसाला आधी तुपात बुडवून काढायचं, म्हणजे त्याचा नवा जन्म. मग जातकर्म, बारसं, मुंज, सगळं पहिल्यापासून. लग्न झालेलं असेल तर त्याच बायकोशी पुन्हा लग्न.

"तिला विचारायचं का?"

"तसं लिहिलेलं नाही."

तू हसलीस. मग म्हणालीस, "म्हणजे तोपर्यंत त्याला नाव नाही. नाव आपण जाळलं. तो दारात उभा राहणार, पण मी अमका आहे हे त्याला सांगताच येणार नाही." तुझ्या आवाजात एवढा थंडपणा मी कधी ऐकला नव्हता. त्या क्षणी मला भीती वाटली, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. आता करते.

कथा आपण आठवडाभरात उभी केली. नायिका उमा, तिच्या भावाचा, सतीशचा, पालाशविधी होतो. त्यानंतर रोज दिवेलागणीला बेल वाजते. दारात कुणी नसतं, पण फळीवर तुपकट पंजा उमटलेला असतो आणि जिन्यात कढत्या तुपाचा वास येतो. शेजाऱ्यांना तिथं उभा असलेला मुलगा दिसतो. तो प्रत्येकाला एकच विचारतो, माझं नाव काय? कुणीतरी नाव घेऊन हाक मारेपर्यंत त्याला आत येता येत नाही. आणि विधी व्हावा म्हणून हट्ट धरलेला असतो तो उमानंच. "कढवलेल्या तुपाच्या वासाला लोक घाबरतील असं करून दाखवते," असं तू म्हणालीस. दाखवलंस. माझ्या घरात दोन महिने वरणभात कोरडा झाला.

माझी पटकथा दारापाशी संपत होती. उमा कडीवर हात ठेवते, ओठ उघडते, आणि पडदा काळा. तुला ते पसंत होतं. पसंत असल्याचं तू लेखी दिलं होतंस, चहाचा डाग पडलेल्या शेवटच्या पानावर.

मग दिवा स्टेशनजवळच्या फ्लॅटवरचा तो रविवार आला. पूर्वाच्या मामाचा रिकामा फ्लॅट, आणि कॅमेऱ्यामागेही पूर्वाच. पुढे एडिटही तीच करणार होती. काकूंना घरी एकटं ठेवता येईना म्हणून तू त्यांना सोबत आणलंस आणि स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलंस. काय शूट करायचंय हे त्यांना सांगितलं होतंस का, असं मी विचारलं, तर म्हणालीस, "पूजेचा सीन आहे म्हणाले." पूजेचा! मुरबाडच्या बाईकडून आणलेली पळसाची पानं टोपलीत होती. काकूंनी टोपली बघितली.

नटांना मंत्र जमेनात, म्हणून तू डोंबिवलीहून खरे गुरुजी बोलावले होतेस. त्यांनी उपरणं सारखं करत विचारलं, "मंत्र खरे म्हणायचे, का सिनेमातले?"

"खरे म्हणा."

"मग संकल्पही खराच होईल. नाव आणि गोत्र व्यवस्थित सांगा."

कॅमेरा सुरू झाला. उमाच्या वडिलांचं काम करणारे गृहस्थ एकांकिकांमध्ये मुरलेले, पण गुरुजींनी खऱ्या आवाजात "नाव?" म्हटल्यावर त्यांची बोबडी वळली. सतीश ही तीन अक्षरं त्यांना आठवेनात. सगळे थांबले. आणि कॅमेऱ्याच्या मागून तू सांगितलंस, "दिलीप."

त्यांनी म्हटलं, दिलीप. गुरुजींनी गोत्रासकट म्हटलं. खोलीतल्या बाकीच्यांना वाटलं, दिग्दर्शिकेनं ऐनवेळी नाव बदललं. मला आणि काकूंना काय झालं ते कळलं.

काकू खुर्चीवरून म्हणाल्या, "विजू, तुझं ते कट म्हण."

तू म्हणाली नाहीस.

"विजू. कट म्हण."

पूर्वानं तुझ्याकडे बघितलं. गुरुजींनी न थांबता डाव्या हातानं खूण केली, की संकल्प सोडलाय, आता मध्ये थांबता येत नाही. आणि शॉट पुढे चालू राहिला. मी आयुष्यात बरेच सिनेमे पाहिले आहेत, त्यांवर अधिकारवाणीनं लिहिलंही आहे. त्या अकरा मिनिटांसारखं काही पाहिलेलं नाही. पुतळ्याला अग्नी द्यायला सगळे गच्चीत गेले तेव्हा काकू उठल्या नाहीत. अग्नी देऊन गुरुजी खाली आल्यावर मात्र त्यांनी त्यांना गाठलं.

"गुरुजी, हे उलटं कसं करायचं?"

"आजी, त्याला विधी आहे. पण त्यासाठी तो परत यायला हवा."

"तो परत आला तर मला तुमचा विधी कशाला हवाय?"

गुरुजींनी दक्षिणा न घेताच चपला घातल्या. मला ते गृहस्थ आवडले. ज्याचं उत्तर नाही तिथं श्लोक फेकणारे मी फार पाहिलेत.

त्या संध्याकाळी काकू आत पडल्या होत्या. तू मला म्हणालीस, "तोंडून गेलं गं." मी म्हटलं, हो. तू म्हणालीस, "तेव्हाही मीच लावून धरलेलं. पहिल्या वेळी. बाबा नको म्हणत होते, आई तर बोलतच नव्हती. मी म्हटलं, करून टाका, मोकळे व्हा. मला मोकळं व्हायचं होतं, सुधा. रोज बेल वाजली की तिला उठताना बघायचं नव्हतं मला." चोवीस वर्षांनी सांगितलंस हे. आणि मी, जी शब्दांवर पोट भरत आले, तिनं काय म्हटलं? "पाणी उकळलं, चहा टाक." तुला त्याचा राग आला होता का, हे विचारायचं राहून गेलं. नाव खरोखर तोंडून निसटलं की तू सोडलंस, हेही राहून गेलं. याचं उत्तर तुलाही माहीत नव्हतं, असं मी स्वतःपुरतं ठरवून टाकलंय.

दुसऱ्या दिवशी तू पटकथेतलं सतीश खोडून सगळीकडे दिलीप केलंस. आणि आठवड्यानं म्हणालीस, "शेवट बदलू या. उमा दार उघडते."

इथून आपलं भांडण सुरू झालं. दोन महिने चाललं. तू कल्याणहून, मी घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या रिक्षातून, व्हॉइस नोटवर व्हॉइस नोट. एक रिक्षावाला उतरताना मला म्हणाला, "मॅडम, उघडू दे ना एकदाचं दार, काय बिघडतंय?"

मी म्हणत होते, न दिसणारी गोष्ट दिसली की भीती मरते. दार उघडलंस की तिथं भूत नसतं, मेकअप केलेला एक मुलगा असतो.

तू म्हणालीस, "तुला भूत घाबरवायला हवंय. मला तो घरी यायला हवाय."

"मग तो भयपट राहत नाही."

"नको राहू दे. लेबल काय, बरणीला लावायचंय?"

"विजू, हा भावुकपणा आहे."

"असू दे. तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांत भावुकपणा शोधून लाल पेनानं खोडत आलीस. तुला दार बंदच बरं वाटतं. बंद दारामागे काहीही असू शकतं, आणि त्यावर लेख लिहिता येतो."

हे मला लागलं. लागलं म्हणून मी आणखी हुशारीनं बोलत गेले. तुला वीस मिनिटांची एक नोट पाठवली, तिच्यात तीन भाषांमधल्या कादंबऱ्यांचे दाखले होते. चौथ्या दिवशी तुझं दोन शब्दांचं उत्तर आलं: "बरं. राहू दे." पाठोपाठ पूर्वानं माझा शेवट जोडलेला कट पाठवला. मी जिंकले होते. चाळीस वर्षांच्या मैत्रीत तू पहिल्यांदा माझं ऐकलंस आणि मला साधा संशयही आला नाही. उलट मी नवऱ्याला श्रीखंड आणायला पाठवलं.

त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी तुझं हृदय थांबलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. त्यावर सभेत बरंच बोलून झालंय.

तेराव्यानंतर मी काकूंकडे गेले. त्या दाराशेजारच्या खुर्चीवर होत्या. मी बसल्यावर म्हणाल्या, "हिचं सगळं नीट झालं. पिंडाला कावळासुद्धा लगेच शिवला. हिला तशी कुठेच ताटकळायची सवय नव्हती."

मी हसले. त्याही हसल्या. मग त्यांनी विचारलं, "सुधा, तो शेवटी येतो का गं?"

"कोण, काकू?"

"दिलीप. सिनेमात."

काकू म्हणाल्या, "मी विजूला सांगितलं होतं. दोनदा जाळलंत माझ्या मुलाला. पहिल्यांदा मी दार लावून बसले, दुसऱ्यांदा तुम्ही मला समोर बसवून जाळलंत. आता जिथे जाळलात तिथेच त्याला घरी आण. सिनेमात तर सिनेमात. ती हो म्हणाली होती. शब्द दिला होता तिनं मला."

विजू, तू हे मला सांगितलं नाहीस. दोन महिने माझे दाखले ऐकलेस, माझा तुच्छतेचा सूर ऐकलास, भावुक हा शब्द ऐकलास, आणि 'आईला शब्द दिलाय' हे चार सेकंदांचं वाक्य बोलली नाहीस. अठरा दिवसांतले शेवटचे चार मी तुझ्यावर या एका गोष्टीसाठी चिडण्यात घालवले. सांगितलं असतंस तर मी तत्क्षणी हो म्हटलं असतं. आता कळतं, तुला नेमकं तेच नको होतं. मी दयेपोटी हो म्हणावं, असा शेवट तुला नको होता. तुला तो सिनेमा म्हणून माझ्याकडून पास करून घ्यायचा होता. एवढा मान मला कॉलेजनं छत्तीस वर्षांत दिला नाही.

काकूंना मी म्हटलं, बघून सांगते. आणि जिन्यातूनच पूर्वाला फोन केला.

"पूर्वा, दार उघडल्याचा शेवट आपल्याकडे नाहीच ना?"

ती म्हणाली, "मॅडम, रागावू नका. आहे. विजूताईंनी दोन्ही शूट केलेत. शेवटच्या दिवशी, तुम्ही लवकर निघून गेलेलात ना, तेव्हा."

"मग मला माझा कट का पाठवलास?"

"ताई म्हणाल्या, सुधाला तूर्त तिचाच पाठव, शांत होईल. नंतर बघू."

"आणि फायनल कुठला?"

"ते बोलल्याच नाहीत. आता तुम्हीच सांगायचंय."

तर तू ऐकलंच नव्हतंस. चाळीस वर्षांचा विक्रम अबाधित आहे. मी जिन्यात उभी राहून इतकी हसले, की पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, बरं वाटत नाहीये का? अठरा दिवसांत माझं पहिलं रडणं त्याच पायरीवर झालं, हेही नोंदवून ठेवते. आणि मग भीती वाटली. आता दार उघडायचं की नाही हे माझ्या हातात होतं. वाद घालायला समोर तू नव्हतीस, आणि वर खुर्चीवर, जिला तू शब्द दिला होतास ती म्हातारी होती.

काल दुपारी पूर्वा आणि मी लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेलो. मी हट्टी आहे, ते तुला माहीत आहे. मी दोन्ही शेवट दाखवायचं ठरवलं. आधी माझा. उमा कडीवर हात ठेवते, ओठ उघडते, पडदा काळा.

काकू म्हणाल्या, "झालं?"

"झालं."

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"छान आहे," त्या म्हणाल्या, गोळा झालेल्या साबुदाण्याच्या खिचडीला पाहुणे म्हणतात त्या आवाजात.

मग तुझा. पूर्वानं सुरू केला आणि मी पहिल्यांदाच पाहत होते. उमा कडी काढते. दार उघडते. जिन्यात कुणी नाही. तुपाचा वास दाखवता येत नाही, पण तू उमाचा श्वास एवढा वेळ ऐकवलास की तो मला आला. मग ती म्हणते, "दिलीप." मोठ्यानं नाही, जेवायला बोलवावं तशी. आणि भिंतीच्या कडेनं तो मुलगा पुढे येतो, उंबऱ्याबाहेर चपला काढतो, आत येऊन उभा राहतो. मेकअप नाही. तू त्याला काहीही फासलं नव्हतंस. एक साधा, दमलेला मुलगा. आणि विजू, मी घाबरले. माझ्या सगळ्या सिद्धान्तांसकट घाबरले. आता याचं काय करायचं, अशी ती भीती होती, आणि ती बंद दारापेक्षा मोठी होती. तू बरोबर होतीस. हे मी पूर्वासमोर मोठ्यानं म्हटलं, म्हणजे साक्षीदार आहे.

काकूंनी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा बघितलं.

"हा दिलीपसारखा दिसत नाही."

मी म्हटलं, "नट आहे, काकू."

"ते कळतं मला. म्हातारी झालेय, खुळी नाही. चपला बाहेर काढल्या त्यानं, ते आवडलं. मग पुढे?"

"पुढे नाही. इथे संपतं."

"संपतं कसं? तो उभा आहे ना अजून."

पूर्वा मदतीला धावली. "आजी, तो आला ना, तोच शेवट आहे."

काकूंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. तुझ्या शोकसभेतल्या सातही वक्त्यांना त्या नजरेसमोर आणून उभं करायला हवं होतं. "अगं, इतक्या वर्षांनी पोरगा दारातून आत आला, आणि तुम्ही त्याला उभा ठेवून दिवे घालवलेत? बस म्हणत नाही, पाणी विचारत नाही? दोघी एवढ्या शिकलेल्या. दार उघडायचं की नाही यावर दोन महिने भांडलात म्हणे. आल्यावर काय करायचं, ते कुणी ठरवायचं होतं?"

तू शब्द पाळलास, दार उघडलंस, हाक मारलीस, आणि मग तुझ्या धंद्यातल्या सवयीनं कट केलंस, कारण पाहुणा हॉलमध्ये शिरला की तुमचं काम संपतं. मी तर दारापर्यंतही आले नव्हते. हा माणूस खरंच आला तर पुढच्या मिनिटाला काय करायचं, याचा विचार तुमच्या घरात छत्तीस वर्षं फक्त काकूंनी केला होता.

तेव्हा तुझा शेवट राहतोय, आणि तो अजून संपलेला नाही. शनिवारी दिव्याच्या त्याच फ्लॅटवर सगळे जमतोय. एकच शॉट आहे. उमाचं काम करणारीनं बँकेतून अर्धी रजा काढलीय. दिलीप झालेल्या मुलानं मधल्या काळात केस कापले आहेत, त्यामुळे त्याला पाठमोरा बसवावा लागेल, असं पूर्वा म्हणते. मी म्हटलं, पाठीमागूनही कापलेले दिसतात, पण दिग्दर्शन मला कळत नाही, त्यामुळे गप्प बसले. तुझ्यासमोर बसले नसते.

काकूही येणार आहेत. यायला हवं असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. तिथे शनिवारी नळाला पाणी नसतं असं कळल्यावर त्यांनी पूर्वाला सांगितलं, की पाणी मी इथून आणीन, बाटलीतलं चालत नाही. पाणी द्यायचं कुणी, यावर आमचं एकमत झालेलं नाही. मी म्हणते, उमानं. पूर्वा म्हणते, सिनेमातल्या आईनं. काकूंना आम्ही अजून विचारलेलं नाही. त्यांनी तांब्या-भांडं चिंचेनं घासून, पुसून, पिशवीत घालून दाराशी ठेवलंय.